जपानी सिनेमा, मंगा (चित्रकथा), टीव्ही, जाहिराती आणि बेसबॉल: या वर्षी काय पाहिलंत, काय भावलं?

कोबेकरीण

कोबेला येऊन मला अकरा वर्षं झाली. इथे सिनेमे, मालिका, सामने भरपूर पाहते, पण त्यावर मराठीत बोलायला मिळत नाही, म्हणून धागा काढतेय. जपानशी संबंधित काहीही चालेल. आवडलं ते लिहा, नाही आवडलं तेही लिहा, फक्त का ते जरूर लिहा.

सुरुवात मीच करते. २ नोव्हेंबर २०२५ चा रविवार अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

सकाळी नऊच्या आधी शेजारच्या आजींनी बेल वाजवली. वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, सातवा सामना होता, डॉजर्स विरुद्ध टोरोंटो ब्लू जेज. तिकडे शनिवारची रात्र, आमच्याकडे रविवारची सकाळ. आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, एकट्या राहतात. डॉजर्सच्या जपानी खेळाडूंत त्यांना ओहतानीपेक्षा यामामोतोची काळजी जास्त. योशिनोबू यामामोतो अमेरिकेला जाण्याआधी इथल्या ओरिक्स संघाकडून खेळायचा आणि आजी ओरिक्सच्या. १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपात त्यांचं घर गेलं, पुढचे काही महिने शाळेच्या जिमखान्यात काढले. त्या वर्षी ओरिक्सचे खेळाडू बाहीवर 'गांबारो कोबे' (हिंमत धरू या, कोबे) लिहून खेळले आणि पॅसिफिक लीग जिंकले. पुढे जगप्रसिद्ध झालेला इचिरो त्या संघात होता. आजी हे सांगतात तेव्हा बेसबॉलबद्दल बोलत नसतात, त्या वर्षाबद्दल बोलत असतात.

तर यामामोतो. आदल्याच रात्री सहाव्या सामन्यात त्याने ९६ चेंडू टाकले होते. सुरुवात करणारा पिचर एवढे चेंडू टाकल्यावर चार-पाच दिवस हात उचलत नाही. आणि हा दुसऱ्या दिवशी नवव्या इनिंगमध्ये, ४-४ बरोबरी असताना, दोन धावपटू बेसवर असताना मैदानात आला. आजी सकाळपासून मिकान, म्हणजे इथली छोटी संत्री, सोलत होत्या. एकही खाल्लं नाही. सोलायचं, धागे काढायचे, बशीत ठेवायचं, पुढचं घ्यायचं. अकराव्या इनिंगमध्ये विल स्मिथचा होमरन गेला तेव्हा बशी भरून टेबलावर दुसरी रांग लागली होती. शेवटचा डबल प्ले झाला, डॉजर्स ५-४ जिंकले, आणि आजींनी पहिल्यांदा एक फोड तोंडात टाकली.

त्याच रात्री आमच्याकडे दुसरा सामना. नवी मुंबईला महिला विश्वचषकाची अंतिम फेरी, पावसामुळे उशिरा सुरू झाली, इथे साडेआठ वाजले होते. आता आजी पांघरूण घेऊन आमच्या घरी. स्मृती मानधना सांगलीची, म्हणजे माझ्या माहेरापासून तासाभरावरची, हे सांगितल्यावर ती बाद होईपर्यंत त्यांनी डोळे हलवले नाहीत. दहाला त्या झोपायला गेल्या. भारत ५२ धावांनी जिंकला तेव्हा माझ्या घड्याळात पहाटेचे साडेतीन होऊन गेले होते. सकाळी कचरा टाकायला खाली उतरले तर आजींचा पहिला प्रश्न, जिंकलात का?

आता काळजीचं. मार्च २०२६ मधल्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिकच्या, म्हणजे देशोदेशींच्या संघांच्या स्पर्धेच्या, ४७ च्या ४७ सामन्यांचे जपानातले हक्क नेटफ्लिक्सकडे गेलेत. साध्या टीव्हीवर थेट सामना दिसणार नाही. २०२३ मध्ये जपान-इटली सामना कांतो, म्हणजे टोकियोच्या आसपासच्या, भागात जवळजवळ निम्म्या घरांनी पाहिला होता. आजींकडे फक्त टीव्ही आहे. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

तिसरी घंटा

ताई, छान लिहिलंय. मिकानची रांग डोळ्यांपुढे उभी राहिली.

बेसबॉल मला कळत नाही, पण काबुकीवरच्या, म्हणजे जपानच्या पारंपरिक रंगभूमीवरच्या, त्या सिनेमाबद्दल ऐकून आहे. पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याचा विषय म्हटल्यावर कोल्हापूरच्या माणसाचे कान टवकारणारच. पाहिलात का? सविस्तर लिहा.

कोबेकरीण

'कोकुहो' दोनदा पाहिला. जूनमध्ये लागला, डिसेंबर उजाडला तरी थिएटरात होता. जवळजवळ तीन तासांचा, विषय काबुकी, आणि तरी जपानी प्रत्यक्ष-अभिनयाच्या सिनेमांत कमाईचा २००३ पासूनचा विक्रम नोव्हेंबरमध्ये त्याने मोडला. दुसऱ्यांदा गेले तेव्हा माझ्या एका बाजूला कॉलेजातल्या मुली होत्या, दुसऱ्या बाजूला किमोनो नेसलेल्या दोन बायका.

गोष्ट थोडक्यात सांगते. नागासाकीतल्या एका याकुझाचा (गुंडटोळीवाल्याचा) मुलगा, किकुओ. वडील मारले जातात, आणि ओसाकाकडचा एक मोठा काबुकी नट त्याला घरी आणतो. त्या घरात नटाचा स्वतःचा मुलगा आहे, शुनसुके. दोघं एकत्र वाढतात, दोघंही ओन्नागाता, म्हणजे स्त्रीभूमिका करणारे नट. काबुकीत नाव वारशाने मिळतं, बापाचं नाव मुलाने घ्यायचं. एकाकडे रक्त आहे, दुसऱ्याकडे कला. (पुढच्या परिच्छेदात एक प्रसंग उघड केलाय, पाहायचा असेल तर वगळा.)

गुरूला अपघात होतो आणि त्याच्या जागी ओहात्सुची भूमिका मुलाला न देता किकुओला मिळते. प्रयोगाच्या आधी तो आरशासमोर बसलाय, तोंडाला पांढरा रंग लागलाय, आता फक्त डोळे रेखायचे राहिलेत. हात थरथरतोय, कुंचला टेकत नाही. शुनसुके आत येतो. ज्याची भूमिका हिसकावली गेली तोच त्याच्या हातातून कुंचला घेतो आणि त्याचे डोळे रेखून देतो. किकुओ त्याला म्हणतो, मला तुझं रक्त हवंय. थिएटरात कुणी खोकलंसुद्धा नाही.

मला न आवडलेलं: बायकांना सिनेमात फार कमी जागा आहे. येतात, सोसतात आणि निघून जातात. एवढ्या लांबीच्या सिनेमात त्यांच्यासाठी दहा मिनिटं सापडायला हवी होती.

तिसरी घंटा

हे वाचताना मला १९२१ आठवत राहिलं. म्हणजे वाचलेलं, ऐकलेलं. ८ जुलै १९२१, मुंबईत 'संयुक्त मानापमान'. गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व भामिनी आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक-नट, दोघांचेही चाहते एकमेकांना पाण्यात पाहणारे, आणि टिळक स्वराज्य फंडासाठी दोघं एका रंगमंचावर. तीन महिन्यांनी केशवराव गेले. आमच्या घरात त्या प्रयोगाच्या गोष्टी अशा सांगितल्या जायच्या की आजोबांनी तो पाहिलाच होता असं मी दहावीपर्यंत समजत होतो. पाहिला नव्हता. त्यांच्या वडिलांकडून ऐकला होता.

बालगंधर्वांची मुलगी गेली त्याच दिवशी 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता, १९११ साली, आणि ते उभे राहिले, हे तर सगळ्यांना माहीत आहे. तुमच्या किकुओची गोष्ट जपानी असली तरी आपल्याला परकी वाटू नये.

पण एक मोठा फरक मला दिसतो. जपानात १६२९ मध्ये शोगुनांनी, म्हणजे तिथल्या लष्करी राज्यकर्त्यांनी, बायकांना रंगमंचावर बंदी केली आणि त्यातून ओन्नागाता घडला, टिकला, शास्त्र बनलं. आपल्याकडे हिराबाई बडोदेकरांसारख्या स्त्रिया उभ्या राहिल्या आणि ती परंपरा एका पिढीत ओसरली. बायका रंगमंचावर आल्या हे उत्तमच झालं. तरी ती चाल, तो पदर सावरणं, ते खांद्यांचं वळण, हे एक शिकवता येणारं तंत्र होतं आणि ते कुणी नीट लिहून ठेवलं नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. काबुकीत ते बापाकडून मुलाकडे, हाताला धरून जातं. आपल्याकडे फोटो उरले आणि तबकड्या.

अवांतर: केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं त्या रात्री मी बाहेर रस्त्यावर उभा होतो. त्यावर इथे जास्त लिहीत नाही.

पानोपानी

ठाण्याहून हजेरी. वय चोवीस, मंगावर वाढलेली मुलगी.

'डेमन स्लेयर' मंगावरचा 'इन्फिनिटी कॅसल' हा सिनेमा सप्टेंबरमध्ये इकडे लागला तेव्हा पहाटेचे खेळ होते आणि ते भरले होते. मी जपानी आवाजातलाच पाहिला. हिंदी, तमिळ, तेलुगू डबिंग होतं, मराठी नव्हतं. दृश्यं अफाट आहेत. तो किल्ला जिथे जमीन कुठे आणि छत कुठे कळत नाही, तिथे कॅमेरा पडत राहतो आणि पोटात गोळा येतो. पण दर लढाईच्या ऐन मध्यावर भूतकाळ सुरू होतो. मंगात ते चालतं, कारण पान मी उलटते, वेग माझा असतो. थिएटरात वेग त्यांचा. त्यातल्या आकाझा या राक्षसाची पूर्वकथा मात्र कितीही लांबली असती तरी चाललं असतं. माझ्या मागच्या रांगेतला मुलगा हुंदके देत होता आणि त्याचे मित्र त्याची पाठ थोपटत होते.

बेसबॉलबद्दल: मला या खेळाचे नियम मंगाने शिकवले. मित्सुरु आदाचींची 'टच', १९८१ ते १९८६. जुळे भाऊ, शेजारची मुलगी, आणि कोशिएनला, म्हणजे शाळांच्या राष्ट्रीय बेसबॉल स्पर्धेला, जायचं स्वप्न. मला आदाचींची रिकामी चौकट सर्वांत आवडते. माणसं नाहीत, संवाद नाहीत. मैदानाची जाळी, आकाश, एखादं वाळत घातलेलं कापड. कथेत सर्वांत वाईट गोष्ट घडते तेव्हाही ते आरडाओरडा करत नाहीत, चौकटी गप्प होत जातात. ते वाचून मी पुस्तक मिटून खिडकीशी जाऊन बसले होते, आईने दोनदा जेवायला हाक मारली तरी ऐकू आली नाही.

आणि एक खास मुंबईची गोष्ट. 'क्योजिन नो होशी' ही साठच्या दशकातली बेसबॉलची जुनी मंगा २०१२ मध्ये क्रिकेटची होऊन भारतात आली होती, 'सूरज: द रायझिंग स्टार', कलर्सवर. गरीब वस्तीतला मुंबईचा मुलगा. मी तेव्हा अकरा वर्षांची. बापाचं ते कठोर शिकवणं बघून मला सूरजची कणव यायची, पण माझा भाऊ दुसऱ्या दिवशीपासून गच्चीवर पहाटे पाचला धावायला लागला.

ओंटारियोकर

मी टोरोंटोत राहतो. तो सामना मी दुसऱ्या बाजूने पाहिला.

१९९३ नंतर पहिल्यांदा इथे वर्ल्ड सिरीज. ऑक्टोबरभर बसचालकापासून माझ्या मुलीच्या शाळेतल्या बाईंपर्यंत सगळे निळ्या टोप्यांत. तिसरा सामना अठरा इनिंगचा झाला, मुलगी सोफ्यावर झोपली, मी उठलो नाही. सहाव्या सामन्यात नवव्या इनिंगला बार्जरचा फटका कुंपणाच्या गादीखाली जाऊन रुतला आणि नियमाने धावपटू थांबवले गेले. चेंडू बाहेर उसळला असता तर? सातव्यात नवव्या इनिंगला आणखी दोन आऊट मिळाले की आम्ही विजेते, आणि रोहासने बरोबरी करणारा होमरन मारला. रात्री साडेबाराला बाहेर कचऱ्याचा डबा लावायला गेलो तर समोरचे गृहस्थ पायरीवर एकटे बसले होते. आम्ही एकमेकांकडे बघून नुसती मान हलवली.

यामामोतोबद्दल मात्र एक शब्द वावगा बोलणार नाही. दुसऱ्या सामन्यात पूर्ण नऊ इनिंग, सहाव्यात ९६ चेंडू, सातव्यात पुन्हा ३४. पाच फूट दहा इंचांचा माणूस, सरावात भाले फेकतो. हरायचंच असेल तर अशा माणसाकडून हरावं.

नेटफ्लिक्सच्या मुद्द्यावर मात्र मी कोबेकरीणताईंशी असहमत. मी परदेशात आहे, मला मराठी नाटक, भारताचे सामने, जे काही मिळतं ते पैसे भरूनच मिळतं. हक्क महाग झालेत. टीव्ही कंपन्यांना परवडत नसेल तर कुणीतरी भरायला हवेत ना? सामना दिसतोय हे महत्त्वाचं.

आकाशवाणी

मी नाशिकची, जाहिरातींचं मराठी करते. हिंदीत बनलेली जाहिरात येते, ओठांच्या हालचालीला जुळेल असं मराठी लिहून द्यायचं, बहुतेक वेळा दुपारी मागितलं जातं आणि संध्याकाळी आवाज रेकॉर्ड होतो. जाहिरातींवर कुणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते.

कामासाठी जपानी जाहिराती खूप पाहिल्या. बहुतेक पंधरा सेकंदांच्या. पंधरा सेकंदांत ते वर्षानुवर्षं चालणारी गोष्ट सांगतात. एका फोन कंपनीच्या घरातला बाप पांढरा कुत्रा आहे, २००७ पासून. दुसऱ्या फोन कंपनीकडे मोमोतारो, उराशिमातारो आणि किंतारो हे लोककथांतले तिघे मित्र झालेत, २०१५ पासून. हॉलीवूडचा नट टॉमी ली जोन्स २००६ पासून डब्यातली कॉफी पिणारा परग्रहवासी आहे: कधी टॅक्सी चालवतो, कधी बांधकामावर राबतो आणि माणसांचं निरीक्षण करतो. आधीचा भाग माहीत आहे असं समजूनच ते पुढचा भाग लिहितात. हा प्रेक्षकावरचा विश्वास मला फार मोलाचा वाटतो.

आमच्याकडे प्रेक्षक मराठी आहे एवढंही धरून चालत नाहीत. मागे एका तेलाच्या जाहिरातीत हिंदी वाक्यात 'माँ के हाथ का स्वाद' होतं. मी 'आईच्या हाताची चव' लिहिलं. ओठ जुळत नाहीत म्हणून परत आलं आणि शेवटी 'आईच्या हाताचा स्वाद' असं प्रसारित झालं. माझ्या आईने ऐकलं आणि विचारलं, हे तू लिहिलंस? मला दोन दिवस चैन पडलं नाही. आपल्या घरात जेवणाला चव असते. तेरा कोटींच्या राज्यासाठी मूळ मराठीत जाहिरात लिहायला कुणाला तरी वेळ मिळायलाच हवा.

आता नेटफ्लिक्स. ओंटारियोकर, तुमचं म्हणणं पैशापुरतं बरोबर आहे. पण भारतात याच कारणासाठी २००७ साली कायदा झाला. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे हक्क कुणाकडेही असोत, त्याचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावंच लागतं, म्हणजे दूरदर्शनच्या अँटेनावर आणि डीडी फ्री डिशवर ते दिसतं. जपानात असा कायदा नाही. कंपनीने पैसे भरावेत, कमवावेत, त्याला कोण नाही म्हणतंय? देशाचा संघ खेळत असताना मात्र एक दार उघडं ठेवायला हवं. आमच्या सिन्नरच्या घरी फ्री डिश आहे म्हणून आत्याने २०२३ चा विश्वचषक पाहिला. नाहीतर ती बातम्यांत फक्त निकाल ऐकत बसली असती.

कोबेकरीण

आकाशवाणी, 'आईच्या हाताची चव' वाचून गलबलून आलं.

जाहिरातींवर एक भर घालते. इथे ओहतानी बॅटिंगला येतो, इनिंग संपते, आणि जाहिरातीत तोच हिरवा चहा पितो. त्याच्याच गाद्या-उशा, त्याचंच घड्याळ, हल्ली ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळेसुद्धा. सुरुवातीला मला ते अति वाटायचं. मग लक्षात आलं, आजींसाठी तो रोज घरी येणारा नातू आहे. याच्या अगदी उलट टोक म्हणजे २०२३ मध्ये जिब्ली या अ‍ॅनिमेशन स्टुडिओने दिग्दर्शक मियाझाकींचा सिनेमा जाहिरातीशिवाय लावला. एक पोस्टर, बस. ट्रेलर नाही, कथा नाही. तिकीट काढून अंधारात बसले तेव्हा पुढे काय येणार याची मला काहीच कल्पना नव्हती. मोठं झाल्यावर असं फार क्वचित होतं.

टीव्हीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. एनएचके या सार्वजनिक वाहिनीची सकाळची मालिका, असादोरा. सकाळी आठला, पंधरा मिनिटं, सोमवार ते शुक्रवार, जाहिरात नाही, आणि सहा महिन्यांत संपते. संपते हे महत्त्वाचं. लेखकाला शेवट आधीपासून माहीत असतो, त्यामुळे पात्रं मरून परत येत नाहीत. या वर्षीची 'आनपान' आनपानमॅन या मुलांच्या कार्टूननायकाच्या जनकावर, ताकाशी यानासेंवर, आणि त्यांच्या बायकोवर बेतलेली होती. यानासे चीनमध्ये सैनिक होते, तिथली उपासमार त्यांनी भोगली, धाकटा भाऊ युद्धात गमावला. युद्धाआधी जे न्याय्य म्हणून शिकवलं ते युद्धानंतर चूक ठरलं, पण भुकेल्याला खायला देणं कधी चूक ठरत नाही, या विचारातून स्वतःचं पावाचं डोकं तोडून देणारा नायक आला. टीव्हीवर तो आला तेव्हा यानासे ६९ वर्षांचे होते. माझा मुलगा लहान असताना इथल्या हार्बरलँडमधल्या आनपानमॅन संग्रहालयात आम्ही किती वेळा गेलो असू! तेव्हा मला तो फक्त एक गोड गोल चेहरा वाटायचा. आता तो चेहऱ्याचा तुकडा पुढे करतो ते बघवत नाही.

त्यानंतरची 'बाकेबाके' मात्सुए गावात घडते, १८९० च्या आसपास. परदेशी शिक्षकाचं मोडकंतोडकं जपानी आणि त्याच्याशी बोलताना नायिकेचं आणखी सोपं, तुटक होत गेलेलं जपानी. मी इथे आले तेव्हा भाजीवाल्या काकू माझ्याशी अगदी असंच बोलायच्या, हातवारे करून, एकेक शब्द सुटा करून.

तिसरी घंटा

ताई, संपणाऱ्या मालिकेला शंभरदा अनुमोदन.

पानोपानी

कोशिएनला कधी गेला आहात का? त्याबद्दल लिहा ना.

कोबेकरीण

दर ऑगस्टला. सान्नोमियाहून हानशिन लाइन, वीसेक मिनिटं. उन्हात डोकं फुटायची वेळ येते. प्लॅस्टिकच्या पिशवीत फोडलेला बर्फ मिळतो, 'काचिवारी'. आधी तो मानेवर ठेवायचा, वितळला की नळीने प्यायचा. सामना सुरू होताना आणि संपताना भोंगा वाजतो. हरलेली मुलं रांगेत वाकून नमस्कार करतात आणि मग गुडघ्यांवर बसून मैदानाची काळी माती बुटांच्या पिशवीत भरतात. यंदा ओकिनावाची शाळा जिंकली. मी हरणाऱ्या बाजूच्या स्टँडमध्ये होते. माझ्या पुढच्या बाकावर एका मुलाची आई होती. तो माती भरत होता आणि ती बसल्या जागी रिकाम्या हातांनी तसंच भरल्यासारखं करत होती.

ओंटारियोकर, तुमचा प्रतिसाद काल आजींना वाचून दाखवला, भाषांतर करत करत. पायरीवर बसलेल्या शेजाऱ्यांचा भाग त्यांनी पुन्हा वाचायला लावला. मार्चचे सामने आमच्या घरी बघायचे असं ठरलंय, सदस्यत्व मी घेतेय, माझं मत अजूनही तेच आहे. आजींनी विचारलंय, टोरोंटोत मिकान मिळतात का?